भोईन आली वं

रेवदंड्याहून बुलढाण्याला जायचं ठरलं तेव्हा शेजारणींनी पहिला प्रश्न विचारला, "तिकडं मासे मिळतात का गं?" दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. समुद्रापासून इतक्या लांब माणसं राहतात हे आमच्याकडे मान्य आहे, पण ती जेवतात काय याची सगळ्यांना काळजी. त्या काळजीपोटीच मी सुकट, जवळा आणि सुके बोंबील बांधून घेतले. प्लास्टिकच्या पिशव्यांवर पिशव्या चढवल्या, वरून जुनी साडी गुंडाळली. तरी गाडीनं कल्याण सोडलं नाही तोच समोरचे गृहस्थ उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. नाशिकपर्यंत ते परत आले नाहीत. मी खिडकीबाहेर बघत बसले.

माझी लेक मानसी बुलढाण्याला दिली आहे. दिली म्हणायचं एवढंच, कारण ती आणि जावई अमोल दोघंही पुण्यात नोकरी करतात, लग्नही पुण्यातच झालं. त्यामुळे तिचं सासर मी पाहिलंच नव्हतं. यंदा फेब्रुवारीत व्याही दिनकररावांनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. दिनकरराव निवृत्त शिक्षक. मोजकं बोलतात आणि बोलतात ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध.

आम्ही कोळी, ते भोई. लग्न ठरवताना मी हसत म्हणाले होते, "बरं झालं, दोन्ही घरं मासळीचीच. आमची खाऱ्या पाण्यातली, तुमची गोड्या." त्यावर दिनकरराव नुसतं म्हणाले होते, "आमची शेती होती." मानसीनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला होता. तेव्हा मला वाटलं, असेल शेती.

मलकापूर ते बुलढाणा

मलकापूरला अमोल गाडी घेऊन आला होता. स्टेशनाबाहेर पडलं की जमीन काळी आणि सपाट, डोळ्याला अडवणारं काही नाही. आमच्याकडे नजर कुठंतरी माडावर किंवा डोंगरावर आपटते; इथं ती लांब जाऊन हरवते. हरभरा काढणीला आला होता, ज्वारीची कणसं पांढरी पडली होती. मोताळा मागं टाकलं आणि पुढं राजूरचा घाट लागला. पानगळ झालेल्या सागांमधून एखादाच पळस पेटल्यासारखा उभा. घाट चढून वर आलो तर हवा एकदम गार. मला शाल काढावी लागली. शेजारणींना हे सांगितलं तर खरं वाटणार नाही, विदर्भ म्हणजे भट्टी असंच आमच्याकडे समजतात.

नवं घर दुमजली, पुढं फरशी, मागं थोडी मोकळी जागा. विहीणबाई शोभाताईंनी पाय धुवायला पाणी दिलं, आणि मग माझ्या पिशवीकडे बघून त्यांचा चेहरा जरा गोंधळला.

"उद्या होम आहे ना हो," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "हे गच्चीवर ठेवते. रागावू नका."

"छे, रागवायचं काय त्यात!"

"आणि आणखी एक." आवाज त्यांनी खाली आणला. "आमच्या मोठ्या बाई आहेत घरात, ह्यांची थोरली बहीण. खूप गप्पिष्ट आहेत. पण त्यांच्याजवळ जुनं काही काढू नका. ह्यांना आवडत नाही."

जुनं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी होम झाला, शिक्षक मंडळी आली, कॉलनीतले शेजारी आले, बुंदी आणि वांग्याची भाजी झाली. चुलाणापाशी बसून पुऱ्या लाटणाऱ्या बायकांमध्ये एक उंच, वाळकी, ताठ मानेची म्हातारी होती. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. पाणी भरलेली कळशी ती डोक्यावर घेऊन हात सोडून चालत होती. आमच्याकडे अशी मान एकाच धंद्यातल्या बाईची असते. मी तिच्याकडे बघत राहिले आणि तिनं माझ्याकडे बघून घेतलं.

मागचं अंगण

मानसी आणि अमोल रजा संपली म्हणून पुण्याला गेले. माझं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यातलं, मी थांबले. दुपारी सगळे पडले होते आणि मला झोपेत ओळखीचा वास आला. कुणीतरी जवळा भाजत होतं.

मागच्या अंगणात तीन विटांवर तवा ठेवून त्या म्हातारबाई बसल्या होत्या. गच्चीवर जाऊन पिशवी त्यांनी शोधून काढली होती. अमोल त्यांना मोठी आत्या म्हणतो म्हणून मीही आत्याबाई म्हणू लागले.

"ये व माय, बस," त्यांनी पाट सरकवला. मग चिमटीत जवळा धरून म्हणाल्या, "हे काय व इतकुसं? हे मासोयी हाय का जिरं?"

मी हसले. मग त्या म्हणाल्या, "तुही माय विके?"

"हो. अलिबागच्या बाजारात."

"डोक्यावर नेई?"

"आधी डोक्यावर. नंतर नंतर टेम्पोतून."

"तिले काय म्हनत लोक?"

"कोळीण म्हणत."

"अन् ते ओ दे?"

"देई की. तोऱ्यात देई."

आत्याबाईंनी तवा खाली उतरवला. मग आपणहूनच सांगू लागल्या, आणि मी शोभाताईंची सूचना विसरले.

धाडच्या पलीकडे नदीकाठी त्यांचं गाव. लग्न लहानपणीच झालं, नवऱ्यानं नांदवलं नाही, परत आल्या. आई वारलेली. वडील पुराच्या दिवसांत लोकांना नदीपार नेत. वाळलेले भोपळे एकत्र बांधून त्यावर बाज टाकायची, त्या सांगडीवर माणसं बसवायची आणि आपण पाण्यात पोहत ती ढकलायची. त्यांच्या वडिलांचे वडील त्याही आधी मेणे वाहत, देशमुखांच्या लेकी सासरी पोचवत. पुढं पूल झाले, मोटारी झाल्या. मेणे गेले, सांगडी गेल्या, जाळं तेवढं उरलं. मग वडिलांना दम्यानं धरलं, आणि धाकटा भाऊ दिनू अजून अंगणात रांगत होता.

"मंग म्या टोपलं उचललं," त्या म्हणाल्या. "जाळं फेकाले चुलत्याची पोरं होती. इकाले कोनी नव्हतं. हे सारी खेडी म्या पायानं केली. पान्यातून, चिखलातून, उन्हातून."

"काय ओरडायचात? आमच्याकडे बोंबील घ्या, पापलेट घ्या, असं."

"मासोया घ्या असं म्या कधी म्हनलंच नाही. येशीत उभं राहाचं, अन् म्हनाचं, 'भोईन आली वं!' झालं. बाया थाये-वाट्या घेऊन येत. ज्याच्या घरी उपास, ज्याच्या घरी माळकरी, त्याच्या दारावरून मुकाट्यानं जाचं. तिथं आवाज नाही कराचा. ते बाया पन खिडकीतून हसत."

"भोई म्हणजे काय हो, आत्याबाई? मूळ अर्थ?"

"वाह्यनारा," त्या चटकन म्हणाल्या. "मानूस मेना वाहे, बाई टोपलं वाहे. ज्यानं वाह्यलं तो भोई. दुसरा काय अर्थ राह्यते?"

खरं-खोटं भाषेचे जाणकार सांगतील. परत आल्यावर मी घरातल्या जुन्या शब्दकोशात पाहिलं. भोई या शब्दापुढं पालखी उचलणारा, मासे धरणारा, असं सगळं आहे. भोईण या शब्दापुढं फक्त 'भोयाची बायको'. मला वाईट वाटलं. जिला नवऱ्यानं नांदवलंच नाही, जिनं सगळी खेडी एकटीनं पायाखाली घातली, तिला त्या एका ओळीत उभं राहायलाही जागा नव्हती.

आमची कोळीण तशी नशिबाची. तिचीही नालस्ती झालीच, 'कोळणीसारखी काय भांडतेस' हे मी शाळेत ऐकलेलं आहे. पण आता तिची साडी नेसून पोरी स्नेहसंमेलनात नाचतात, डोक्यावर थर्माकोलचे मासे घेतात, आयाबाया फोटो काढतात. भोईण होऊन कुणी नाचत नाही. तिच्यावर एवढंच उरलं, की पोरगी मोठ्यानं बोलली तर आई म्हणते, 'भोईणीसारखी ओरडू नको.' हे मला शोभाताईंनी सांगितलं. सांगितल्यावर त्या ओशाळल्या.

तवा पुसता पुसता आत्याबाई म्हणाल्या, "मले एकडाव धाडचा बाजार दाखव व. इथं आन्ल्यापासून दिनू नाही जाऊ देत. म्हनते, काय ठेवलं हाय तठी? तू पाहुनी. तुले नाही म्हननार नाही तो."

धाडचा बाजार

ते नाही म्हणाले नाहीत. "विहीणबाईंना बाजार बघायचा असेल तर जाऊ," एवढंच म्हणाले आणि बाजाराच्या दिवशी गाडी काढली. आत्याबाईंनी ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसलं होतं. मागच्या सीटवर त्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या, प्रत्येक फाट्याला गावाचं नाव सांगत होत्या आणि त्या गावात कुणाला कुठली मासोळी आवडे तेही. "अथल्या पाटलीनीले वाम लागे. काटा नाही म्हनून." दिनकरराव गाडी चालवत होते. आरशात मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

धाड मोठं गाव आहे. जीपा भरभरून माणसं येत होती. लाल मिरच्यांचे ढीग, गुळाच्या भेल्या, बांगड्या, दोरखंड, ट्रॅक्टरचे जुने टायर, गरम भजी. मी पावशेर भजी घेतली आणि वर चटणी म्हणून जे दिलं ते तोंडात टाकलं. तो ठेचा होता. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आत्याबाई पोट धरून हसतायत. "खारं पानी बाहेर येऊन राह्यलं!" त्या दिवशी त्यांना इतकं हसताना पाहिलं ती शेवटची वेळ.

मासळी बाजार म्हणजे टोकाला, गटाराच्या अंगाला, चारसहा जण. सगळे पुरुष. थर्माकोलची खोकी, बर्फ, इलेक्ट्रॉनिक काटा. कटला आणि रोहू परराज्यातून ट्रकनं आलेले, चिलापी धरणातली. धरणाचा ठेका बाहेरच्या माणसाकडे असतो असं कळलं. एकही टोपली नव्हती, एकही बाई नव्हती. आत्याबाईंनी एका पोत्याच्या आडोशाकडे बोट दाखवलं. "त्या लिंबाखाली माही जागा." लिंब नव्हता. तिथं मोबाईलच्या कव्हरांची गाडी उभी होती.

तेवढ्यात दिनकररावांना कुणीतरी "सर!" म्हणून हाक मारली. त्यांचे जुने सहकारी, इथल्याच शाळेतले. दोघं बोलू लागले, आम्ही दोघी बाजूला उभ्या. शेजारी एक म्हातारी गोणपाटावर मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडून बसली होती. ती आत्याबाईंकडे टक लावून बघत होती. मग एकदम हात वर करून मोठ्यानं म्हणाली,

"ओ भोईनबाई! तुम्हीच ना व?"

आजूबाजूच्या दोघातिघांनी मान वळवली. ते सहकारी सरही बोलता बोलता थांबले. आत्याबाईंचा चेहरा उजळायला लागला होता, मी शेजारीच होते, मी पाहिलं. पण दिनकरराव आधी बोलले. अगदी शांत, वर्गात बोलावं तसं.

"तुमची काहीतरी चूक होते आहे, मावशी. या माझ्या भगिनी. आम्ही बुलढाण्याचे."

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती आत्याबाईंकडे बघत राहिली. आत्याबाईंनी भावाकडे पाहिलं, त्या सरांकडे पाहिलं, आणि पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला.

"नाही वं माय," त्या म्हणाल्या. "ते भोईन म्या नोहे. ते वारली. लय दिवस झाले."

बाजाराचा गोंगाट चालूच होता, पण आमच्याभोवती कुणीतरी पडदा ओढल्यासारखं झालं. म्हातारीनं हातातली जुडी खाली ठेवली.

"वारली?" ती म्हणाली. "कवा व? आम्हाले कोनी सांगतलं नाही." आणि तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. "लय चांगली बाई होती हो. माही पोरगी बायतीन झाली तवा नदीले पूर, गावात कोनी येईना. हे बाई गळ्याइतक्या पान्यातून मरय मासोयी घेऊन आली. जिती मरय, ओल्या फडक्यात गुंडायलेली. म्हने, पोरीच्या अंगात रगत नाही राह्यलं, हे शिजवून पाज. माही पोरगी उभी राह्यली. आता तिच्या लेकीचं लगन झालं." ती थांबली. "तिच्या आवाजानं आमच्या गल्लीची सकाय होये. आता तशी बाई नाही."

आत्याबाई आपल्याच माघारी बोललेलं सगळं समोर उभ्या राहून ऐकत होत्या. हात पोटावर, मान तशीच ताठ. मी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. पाहुणी होते. माझ्या आईनं मिटलं नसतं.

म्हातारीनं सांभाराची एक मोठी जुडी निवडली, पाणी झटकलं आणि आत्याबाईंच्या पिशवीत घातली. "घ्या. तिच्या नावानं घ्या."

मेलेल्याच्या नावानं दिलेलं नाकारता येत नाही. आत्याबाईंनी ती घेतली.

गाडी परत फिरली. फाटे तेच, गावं तीच, कुणाला काय आवडे ते सांगणारं कुणी नव्हतं. घरी आल्यावर आत्याबाईंनी जुडी शोभाताईंच्या हातात दिली. संध्याकाळी ती बेसनावर चिरून पडली. शोभाताईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी केली होती, तेल आणि ठेच्याबरोबर, खास माझ्यासाठी. आत्याबाईंनी ताटात वाढलेलं सगळं खाल्लं, हात धुतला आणि आपल्या खोलीत गेल्या.

रोहिणखेड

दोन दिवसांनी दिनकरराव म्हणाले, "विहीणबाई, रोहिणखेडची मशीद बघण्यासारखी आहे. चला." शोभाताईंना कणीक मळायची होती, आत्याबाईंनी मान हलवली. आम्ही दोघंच गेलो. राजूरचा घाट उतरलो. गाव साधं, आणि मध्येच ही काळ्या दगडाची जुनी इमारत, भिंतींवर कोरलेल्या अक्षरांच्या ओळी. दगडात इतकी मऊ अक्षरं मी पाहिली नव्हती. काय लिहिलंय ते मला कळत नव्हतं, पण बोट फिरवावंसं वाटत होतं. ओट्यावर बसलेल्या एका वयस्कर चाचांनी आम्हाला माठातलं पाणी दिलं आणि "आराम से देखो" म्हणाले.

बाहेर पायरीवर बसून दिनकररावांनी चष्मा पुसला. पुसत राहिले.

"मी लहानपणी धाडच्या शाळेत शिकायला होतो," ते म्हणाले. "बाई, माझी बहीण, टोपलं घेऊन शाळेच्या फाटकाशी यायची, मला भाकर द्यायला. पोरं नाक दाबायची. मी तिला सांगितलं, फाटकाशी येऊ नको. तर ती लांब, विहिरीपाशी थांबू लागली. एक दिवसही चुकली नाही."

त्यांनी चष्मा उजेडाकडे धरून पाहिला.

"पहिली नोकरी लागली तेव्हा गावातला एक म्हातारा भर पारावर म्हणाला, भोईनीचं पोट्टं मास्तर झालं! मी त्याच्याशी पुढं कधी बोललो नाही. ते कौतुक होतं, विहीणबाई. त्याला दुसऱ्या शब्दात कौतुक करता येत नव्हतं. मला हे कळायला म्हातारं व्हावं लागलं." चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. "नव्या घरात तिला खाली खोली दिली. जिना चढायला नको म्हणून. सगळ्यांना सांगितलं, हिनं मला वाढवलं. कशावर वाढवलं, ते नाही सांगितलं."

मग त्यांची पुस्तकातली भाषा एकदम गळून पडली.

"तिनं सोताले मारलं हो माह्यासाठी. भर बाजारात. अन् म्या उभा राहून पाह्यलं."

त्यांनी रुमाल काढला. चाचा आतून पुन्हा पाणी घेऊन आले, आमच्यात ठेवलं आणि काही न विचारता परत गेले. मी म्हणाले, "पुढच्या बाजारी जाऊ या. त्या भाजीवालीला खरं सांगू."

"काय सांगू?"

"हेच."

पुन्हा धाड

बाजाराच्या सकाळी दिनकररावांनी बहिणीला बरोबर चल म्हटलं. त्या वाती वळत बसल्या होत्या.

"मेलेल्या बाईनं बाजारात कायले जावं?" त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. रागानं म्हणाल्या असंही नाही. "तू जाय. मले नको नेऊ."

आम्ही गेलो. भाजीवाली त्याच जागी, तेच गोणपाट. दिनकरराव तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. इस्त्रीची पँट धुळीत टेकली. सर म्हणून हाक मारणारं आज जवळ कुणी नव्हतं, पण असतं तरी त्या दिवशी ते थांबले नसते असं मला वाटतं. निदान तसं वाटू द्यावं.

"मावशी, मागल्या बाजारी माह्या बहिनीले तुम्ही हाक मारली होती. ते भोईनच होती. वारली नाही. मीच खोटं बोललो, म्हनून ते बी बोलली."

म्हातारी मेथीच्या पेंढ्यांवर पाणी शिंपडत होती. शिंपडायची थांबली नाही.

"मले तवाच समजलं होतं, मास्तर."

"समजलं होतं?"

"आवाज इसरते का मानूस? ज्या आवाजानं आमची सकाय होये, तो म्या ओयखनार नाही? तिनं नाही म्हनलं, त्याच आवाजात म्हनलं." तिनं हात लुगड्याला पुसला. "म्या म्हनलं, बाईले लपाचं हाय तं लपू द्या. काऊन उघडं पाडाचं? तिचं काही कारन असंन."

"मग तुम्ही रडलात ते?" मी विचारलं.

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "रडू तं आलंच. जितं मानूस आपन मेलो म्हनते, तं रडू नाही येनार? अन् म्हनलं, आता बोलून घ्यावं. मेल्यावर लोक चांगलं बोलतात, ते मेलेल्याले ऐकू येते का? तिले तं ऐकू आलं."

दिनकरराव तसेच उकिडवे बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, मेथी घेऊन गेलं. मग ते म्हणाले, "घरी या मावशी. आज गाडी हाय. मी नेतो, मी आनून सोडतो."

"तुम्ही नका बलावू," म्हातारी म्हणाली. आवाज कडू नव्हता. "तिनं बलावलं तं येईन. पायी येईन."

परतलो तेव्हा दुपार कलली होती. आत्याबाई मागच्या अंगणात तुळशीपाशी बसल्या होत्या. दिनकरराव त्यांच्यासमोर बसले आणि एकेक शब्द सांगितला, काही गाळलं नाही. आत्याबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी डोळे मिटले. पाणी सुरकुत्यांतून वाट काढत हनुवटीपर्यंत आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तिनं ओयखलं होतं," त्या म्हणाल्या. मग पदर सावरून, "बलावते. म्या बलावते तिले. काय नाव हाय व तिचं?"

दिनकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.

"बाई, तुलेच माहीत असंल ना," ते म्हणाले. "इतकी वर्षं मासोया दिल्या तिले. तिच्या लेकीसाठी पुरातून गेली तू."

"गेली तं." आत्याबाईंनी डोळे उघडले. "पन म्या तिले सूनबाई म्हनो, सारे तिले धाकटी सून म्हनत. अन् ते मले भोईन म्हने. सुभद्रा नाव हाय माहं, हे त्या साऱ्या खेड्यांत कोनाले ठाऊक असंन? नाव लागतंच कुठी होतं? भोईन आली म्हनलं का सगळ्यायले कळे, कोन आली."

दिनकरराव म्हणाले, पुढच्या बाजारी विचारून येतो.

माझं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. निघताना आत्याबाईंनी माझ्या पिशवीत वाळवलेले शिंगाडे घातले आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मलकापूरपर्यंत सोडायला दिनकरराव आले. घाटात पळस झडू लागला होता.

घरी आल्यावर मी फोन करत राहिले. पुढच्या बाजारी ती म्हातारी आली नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. आत्याबाईंनी सांगितलेल्या गावी दिनकरराव जाऊन आले, पण त्या गल्लीतली जुनी घरं आता उरली नव्हती. विहिरीचं पाणी आटलं असेल, उन्हात मेथी येत नाही, पावसाळ्यात येईल, असं शोभाताई म्हणाल्या. पावसाळा आला. दिनकरराव दर बाजाराच्या दिवशी धाडला जातात, बहीण दाराशी उभी राहून त्यांची वाट बघते. ते त्या जागेच्या आजूबाजूच्या दुकानदारांना विचारतात, अंगापिंडानं बारीक, मेथी-सांभार विकायची, म्हातारी. लोक मदत करायला तयार असतात. ते विचारतात, गुरुजी, नाव काय बाईचं? आणि दिनकररावांना नाव सांगता येत नाही.